यंत्र परक्याचे, प्रश्न आपला

विज्ञानाची खरी आवड असलेला एखादा विद्यार्थी केव्हा ना केव्हा आपल्या शिक्षकांना विचारतोच: 'सर, मला मेंदूवर संशोधन करायचे आहे. काय करावे लागेल?' यावर आपण बहुधा असे सांगतो, की आधी पदवी घे, मग पदव्युत्तर शिक्षण घे, पुढे एखाद्या मोठ्या संस्थेत प्रवेश मिळाला तर पाहू. हे उत्तर चुकीचे म्हणता येणार नाही. मेंदूची चित्रे घेणारे एमआरआय यंत्र कोट्यवधी रुपयांचे असते. जनुकांची अक्षरे वाचणारी यंत्रेही स्वस्त नाहीत. तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात यांपैकी काही येण्याची शक्यता नाही.

मात्र हे उत्तर अपुरे आहे. मेंदूचे प्रतिमाशास्त्र आणि जैवमाहितीशास्त्र या दोन्ही विषयांच्या इतिहासात विद्यार्थ्यांनी मोठी कामे केलेली आहेत. त्यांतली काही कामे तर इतरांनी गोळा केलेल्या माहितीवर केलेली आहेत. इतरांची माहिती वापरण्याची ही मुभा मात्र आपोआप मिळालेली नाही. माहिती कोणाची, तिच्यावर हक्क कोणाचा, यावरून बरीच ओढाताण झाली आणि मगच दारे उघडली. त्या वाटचालीची ही हकीकत आहे.

एका छताखालची दोन शास्त्रे

अमेरिकेतील मेरीलँड राज्यात १९६० साली राष्ट्रीय जैववैद्यक संशोधन प्रतिष्ठान नावाची एक छोटी संस्था सुरू झाली. तिचे संस्थापक रॉबर्ट लेडली हे शिक्षणाने दंतवैद्य, पण पुढे भौतिकशास्त्राकडे वळलेले. जीवशास्त्रात आणि वैद्यकात संगणकाचा उपयोग व्हायला हवा, हा त्यांचा ध्यास होता. त्याच वर्षी त्यांच्या संस्थेत मार्गारेट डेहॉफ रुजू झाल्या. त्या मूळच्या रसायनशास्त्रज्ञ. कोलंबिया विद्यापीठातून १९४८ साली डॉक्टरेट घेताना, कचेऱ्यांतील हिशेबासाठी बनवलेली भोकांच्या कार्डांची यंत्रे त्यांनी रेणूंच्या गणितासाठी राबवली होती.

त्या काळी प्रथिनांची रचना नुकती कुठे उलगडू लागली होती. प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची माळ. तिच्यातील मण्यांचा क्रम पहिल्यांदा लावला तो फ्रेडरिक सँगर यांनी, इन्शुलिनचा. अवघ्या ५१ मण्यांच्या या माळेचे काम १९५५ साली पुरे झाले, त्याला काही वर्षे लागली. अडचण अशी होती, की लांब माळ एकदम वाचता येत नसे. ती निरनिराळ्या ठिकाणी तोडायची, तुकडे वाचायचे आणि मग ते जुळवायचे.

वर्गात हे समजावून सांगायचे तर एक कविता घ्यावी. तिच्या पाच प्रती काढाव्यात, प्रत्येक प्रत वेगवेगळ्या जागी फाडावी आणि सगळे तुकडे एकत्र मिसळावेत. एका तुकड्याचा शेवट दुसऱ्या तुकड्याच्या सुरुवातीशी जुळतो का हे पाहत गेले, की मूळ कविता पुन्हा उभी करता येते. लहान कवितेला हे हाताने जमते, महाकाव्याला जमणार नाही. डेहॉफ आणि लेडली यांनी १९६२ साली हेच काम करणारी आज्ञावली आयबीएम ७०९० या संगणकासाठी लिहिली आणि तिला 'कॉम्प्रोटीन' असे नाव दिले.

पुढे १९६५ साली डेहॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवर माहीत असलेल्या ६५ प्रथिनांचे क्रम एका पुस्तकात छापले. 'प्रथिनांच्या क्रमांचा आणि रचनेचा अ‍ॅटलास' हे ते पुस्तक. प्रत्येक अमिनो आम्लासाठी एकच अक्षर वापरण्याची पद्धतही डेहॉफ यांचीच. संगणकाच्या स्मृतीत जागा वाचावी हा तिचा साधा हेतू होता, पण आजही जगभर तीच चालते. एकाच प्रथिनाचे निरनिराळ्या प्राण्यांतील क्रम शेजारी शेजारी मांडले, की नातेसंबंध दिसू लागतात. सायटोक्रोम-सी या प्रथिनात १०४ अमिनो आम्ले असतात. माणूस आणि चिंपांझी यांच्यात त्यांतले एकही वेगळे नाही, माणूस आणि ऱ्हीसस माकड यांच्यात एक वेगळे आहे आणि माणूस व घोडा यांच्यात बारा. हे क्रम दुसऱ्यांच्या प्रयोगशाळांत ठरले होते. डेहॉफ यांनी त्यांची तुलना केली आणि त्या तुलनेतून उत्क्रांतीचे वृक्ष मांडले.

याच संस्थेतून दुसऱ्या विषयालाही हातभार लागला. लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने ऑक्टोबर १९७१ मध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे आडवे छेद दाखवले. पण ते यंत्र फक्त डोक्यापुरते होते आणि डोके पाण्याच्या पिशवीत बसवावे लागे. लेडली यांनी १९७३ साली संपूर्ण शरीराचे छेद घेणारे, पाण्याची पिशवी न लागणारे यंत्र तयार केले. शरीराचे चित्र आणि प्रथिनाचे अक्षर या दोहोंना आकड्यांची रांग मानून संगणकापुढे ठेवायचे, ही एकच दृष्टी दोन्ही कामांमागे होती.

अ‍ॅटलास कोणाचा?

डेहॉफ यांचा अ‍ॅटलास विकत घ्यावा लागे. पुढे चुंबकीय फितीवरील आवृत्तीही पैसे भरूनच मिळे आणि ती इतरांना वाटण्याची परवानगी नसे. यात नफेखोरी होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. सरकारी अनुदान अपुरे पडत असे आणि नोंदी तपासणाऱ्या माणसांचे पगार कुठून तरी भागवावे लागत. पण प्रयोगशाळांतील शास्त्रज्ञांची तक्रार वेगळी होती. आम्ही वर्षानुवर्षे खपून क्रम शोधायचे, ते यांना द्यायचे आणि पुन्हा आमच्याचकडून पैसे घेऊन यांनी ते विकायचे, हे त्यांना पटेना. क्रम प्रसिद्ध होण्यापूर्वी डेहॉफ यांच्याकडे पाठवायला म्हणूनच अनेक जण कचरत.

अमेरिकन सरकारने १९८२ साली डीएनएच्या क्रमांचा राष्ट्रीय संग्रह उभारायचे ठरवले, तेव्हा डेहॉफ यांच्या संस्थेने त्यासाठी अर्ज केला. काम मिळाले ते लॉस अलामॉस येथील वॉल्टर गोड यांच्या गटाला आणि त्यांच्या भागीदार कंपनीला. संग्रह कोणालाही खुला असेल, त्यावर कोणाचा मालकी हक्क नसेल, ही त्यांची भूमिका जमेची ठरली. हाच तो 'जेनबँक' नावाचा संग्रह. काही महिन्यांतच, फेब्रुवारी १९८३ मध्ये, डेहॉफ यांचे निधन झाले. ज्या शास्त्राची पायाभरणी त्यांनी केली, त्याचा मोठा संग्रह दुसऱ्यांच्या हाती गेलेला त्यांना पाहावा लागला. इतिहास वाचताना ही बोच विसरू नये. माहिती गोळा करून नीट लावणाऱ्याचे श्रमही शोध लावणाऱ्याच्या श्रमांइतकेच खरे असतात.

खुल्या संग्रहाचे मोल लगेच दिसून आले. रसेल डूलिटल यांनी छापील लेखांतील क्रम स्वतः संगणकात भरून आपला एक संग्रह केला होता. माकडांत कर्करोग घडवणाऱ्या एका विषाणूचे जनुक आणि रक्तातील बिंबाणूंमध्ये सापडणारे, पेशींची वाढ घडवणारे एक प्रथिन यांचे क्रम जवळजवळ सारखे आहेत, असे १९८३ साली त्यांच्या लक्षात आले. कर्करोग म्हणजे पेशीच्या वाढीच्या नेहमीच्याच यंत्रणेचा बिघाड, या विचाराला त्यातून बळ मिळाले. दोन प्रयोगशाळांनी शोधलेले दोन क्रम शेजारी ठेवल्यामुळे हे घडले.

मद्रास आणि पुणे

मोठ्या यंत्राशिवाय मोठे काम कसे होते, याचे एक उदाहरण आपल्याच देशातील आहे. मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन, त्यांचे सहकारी व्ही. शशिशेखरन आणि संशोधक विद्यार्थी सी. रामकृष्णन यांनी एक प्रश्न घेतला. प्रथिनाच्या माळेतील प्रत्येक सांध्याशी दोन कोनांत वळणे शक्य असते. यांपैकी कोणती वळणे निसर्गात चालतील? दोन अणू एका मर्यादेपलीकडे एकमेकांजवळ येऊ शकत नाहीत. ती मर्यादा किती, हे त्यांनी जगभर प्रसिद्ध झालेल्या स्फटिकांच्या नोंदी चाळून ठरवले. मग एकेक कोन घेऊन टेबलावरच्या गणनयंत्रावर आकडेमोड केली. त्यातून निघालेला नकाशा १९६३ साली प्रसिद्ध झाला. तोच 'रामचंद्रन आलेख'. आजही कोणत्याही प्रथिनाची नवी रचना मांडली, की ती या नकाशावर तपासून पाहतात.

रामचंद्रन यांच्याबरोबर काम केलेले डॉ. अशोक कोळस्कर पुढे पुण्यास आले. जैवतंत्रज्ञान विभागाने १९८६-८७ च्या सुमारास देशभर जैवमाहिती केंद्रांचे जाळे विणायला घेतले. देशव्यापी असे जाळे उभारणाऱ्या पहिल्या काही देशांत भारताची गणना होते. त्यांतील एक केंद्र पुणे विद्यापीठात १९८७ साली निघाले. कोळस्कर आणि टोणगावकर यांनी १९९० साली एक पद्धत प्रसिद्ध केली. प्रथिनाचा कोणता भाग शरीराची प्रतिकारयंत्रणा ओळखेल, याचा अंदाज केवळ अक्षरांच्या क्रमावरून बांधणारी ही पद्धत होती. तिचे अंदाज सुमारे ७५ टक्के वेळा बरोबर येतात, असे त्यांनी दाखवले. लस तयार करण्याच्या प्राथमिक कामात ही पद्धत अजूनही वापरली जाते. तिला साहित्य लागले ते इतरांनी प्रयोगाने ठरवलेल्या प्रतिजनांच्या नोंदींचे.

चार आठवड्यांतील जुळवाजुळव

मानवी जनुकसंचाचा प्रकल्प सुरू झाल्यावर माहितीच्या मालकीचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. बर्म्युडा बेटावर १९९६ साली भरलेल्या बैठकीत प्रकल्पातील प्रयोगशाळांनी ठरवले, की वाचलेला क्रम चोवीस तासांच्या आत सर्वांना खुला करायचा. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९९८ मध्ये, सेलेरा ही खाजगी कंपनी शर्यतीत उतरली. जनुकांवर एकस्वाचे हक्क नोंदवले जातील, अशी धास्ती अनेकांना वाटू लागली.

सन २००० च्या वसंतात सार्वजनिक प्रकल्पाची स्थिती अशी होती, की तुकडे भरपूर वाचून झाले होते, पण ते जुळलेले नव्हते. सुमारे चार लाख तुकडे होते! कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेत डेव्हिड हॉसलर यांचा गट या कामाला लागला होता. तिथे जिम केंट नावाचा एक विद्यार्थी डॉक्टरेट करत होता. वय चाळिशीचे, पूर्वी चलच्चित्रांसाठी संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणारा. त्याने सुमारे चार आठवड्यांत दहा हजार ओळींची आज्ञावली लिहून काढली. टंकून टंकून मनगटे इतकी दुखत, की रात्री ती बर्फाने शेकावी लागत. विद्यापीठाने घेतलेल्या शंभर साध्या संगणकांवर ही आज्ञावली चालली आणि २२ जून २००० रोजी मानवी जनुकसंचाचा पहिला जुळलेला मसुदा तयार झाला. सेलेराची जुळणी त्यानंतर तीन दिवसांनी पुरी झाली. सांताक्रूझच्या गटाने ७ जुलै रोजी आपला मसुदा संगणकजाळ्यावर सर्वांसाठी ठेवून दिला.

कवितेच्या फाटक्या प्रती जुळवण्याचाच हा खेळ होता. डेहॉफ यांनी तो एका प्रथिनासाठी मांडला, केंटने तो तीन अब्ज अक्षरांसाठी खेळून दाखवला. केंटला हे जमले याचे एक कारण बर्म्युडाच्या त्या ठरावात आहे. तुकडे खुले नसते, तर आज्ञावली कशावर चालवणार?

खरखरीकडे कान देणारा विद्यार्थी

आता मेंदूच्या चित्रांकडे वळू. एमआरआय यंत्रात शरीरातील पाण्याच्या हायड्रोजन केंद्रकांकडून संकेत मिळवला जातो. ही केंद्रके म्हणजे चिमुकली चुंबके. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवून त्यांना रेडिओ लहरींनी डिवचले, की ती उलट संकेत देतात. क्षेत्राची तीव्रता जागोजाग थोडी बदलती ठेवली, तर कोणता संकेत कुठून आला हे कळते. ही युक्ती पॉल लॉटरबर यांनी १९७३ साली मांडली. पीटर मॅन्सफील्ड यांच्यासह त्यांना २००३ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. या इतिहासातही विद्यार्थी आहेतच. रेमंड डॅमाडियन यांनी माणूस मावेल असे यंत्र विद्यार्थ्यांच्या मदतीने बांधले. पण त्यात बसायला डॅमाडियन स्वतः जरा जास्तच जाडजूड ठरले. मग ३ जुलै १९७७ रोजी लॅरी मिंकॉफ हा त्यांचा सडपातळ विद्यार्थी आत बसला. जवळजवळ पाच तासांनी त्याच्या छातीचे एक अस्पष्ट चित्र मिळाले.

मेंदूची रचना दिसली, पण त्याचे काम कसे दिसावे? यासाठी उपयोगी पडले एक जुने निरीक्षण. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरेल यांनी १९३६ साली दाखवले होते, की प्राणवायू सोडून दिलेले हिमोग्लोबिन चुंबकाकडे किंचित ओढले जाते, प्राणवायूने भरलेले मात्र नाही. म्हणजे रक्तातच एक चुंबकीय खूण आहे. सेइजी ओगावा यांनी बेल प्रयोगशाळेत १९९० साली उंदरांच्या मेंदूत ही खूण एमआरआयने टिपली. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला, की तिकडे गरजेपेक्षा जास्त ताजे रक्त धावते. प्राणवायू गमावलेले हिमोग्लोबिन तिथे कमी होते आणि संकेत थोडासा वाढतो. ही वाढ फार तर काही टक्क्यांची असते.

माणसात हे दिसेल का? अमेरिकेतील मिलवॉकी शहराच्या वैद्यकीय महाविद्यालयात जेम्स हाइड यांच्या हाताखाली पीटर बँडेटिनी आणि एरिक वाँग हे दोन विद्यार्थी काम करत होते. त्यांच्याकडचे रुग्णालयातील यंत्र इतक्या झपाट्याने चित्रे घेऊ शकत नव्हते. वाँगने त्यासाठी डोक्याभोवती बसणारे खास वेटोळे स्वतः बनवले. सप्टेंबर १९९१ मध्ये बोटे आपटण्याचा साधा प्रयोग झाला. बोटे हलली की संकेत वर, थांबली की खाली! त्यांचा लेख १९९२ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी बॉस्टन आणि मिनेसोटा येथील गटांनीही असेच निष्कर्ष छापले.

या प्रयोगांत एक त्रास सगळ्यांनाच होई. माणूस काहीही न करता पडून राहिला, तरी संकेत स्थिर राहत नसे. तो सारखा थरथरत असे. रेडिओवरच्या खरखरीसारखी ही गोष्ट. श्वास, हृदयाचे ठोके, यंत्राचे दोष अशी कारणे सांगून ती गाळून टाकायची, हा रिवाज पडला होता. मिलवॉकीच्याच प्रयोगशाळेत भारत बिस्वाल हा भारतीय वंशाचा विद्यार्थी डॉक्टरेटसाठी काम करत होता. ही खरखर नेमकी येते कुठून, हे पाहायचे त्याने ठरवले. स्वस्थ पडलेल्या माणसाच्या मेंदूची त्याने दर पाव सेकंदाला एक अशी ५१२ चित्रे घेतली. म्हणजे सगळा मिळून सव्वादोन मिनिटांहूनही कमी वेळ. मग जलद चढउतार चाळून काढले आणि फक्त संथ लाटा ठेवल्या, दहा सेकंदांपेक्षा हळू येणाऱ्या. आता हाताची हालचाल ज्या भागातून होते, तिथला एक ठिपका घेऊन त्याचा चढउतार मेंदूतील इतर ठिपक्यांशी ताडून पाहिला. मेंदूच्या दुसऱ्या बाजूचा, दुसऱ्या हाताचा भाग त्याच्याच तालावर वरखाली होत होता. हात हलत नसतानाही!

हा लेख १९९५ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा बऱ्याच जणांनी शंका घेतली. हे सारे श्वासाचे आणि नाडीचे खेळ असतील, असे त्यांचे म्हणणे. शंका रास्त होती आणि तिचे निरसन व्हायला काही वर्षे लागली. पुढे हळूहळू मान्य झाले, की विश्रांतीतही मेंदूचे एकमेकांशी जोडलेले भाग एका लयीत राहतात. आज हा प्रतिमाशास्त्राचा एक मोठा उपविषय आहे. इतर जण जे गाळून टाकत होते, तेच या विद्यार्थ्याने नीट पाहिले.

पुन्हा तोच वाद

जेनबँकेसारखा मेंदूच्या चित्रांचाही खुला संग्रह असावा, असे १९९९-२००० च्या सुमारास डार्टमथ येथील मायकेल गॅझानिगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना वाटले. लेख छापायचा असेल तर मूळ चित्रे संग्रहात द्या, अशी अट एका नियतकालिकाने घातली. त्यावर मोठे वादळ उठले. चित्रे दुसऱ्याने वापरली तर श्रेय कोणाला? ज्यांचे मेंदू आहेत त्यांच्या खाजगीपणाचे काय? प्रयोगाची पार्श्वभूमी न कळता कोणी भलताच अर्थ काढला तर? अ‍ॅटलासच्या वेळचेच हे प्रश्न, फक्त विषय नवा.

कोंडी फुटायला बिस्वाल यांचीच पद्धत कामी आली. निरनिराळ्या प्रयोगशाळांतील बोटे आपटण्याचे किंवा शब्द वाचण्याचे प्रयोग एकमेकांत मिसळता येत नाहीत, पण 'स्वस्थ पडून राहा' ही सूचना सगळीकडे सारखीच. सन २०१० मध्ये बिस्वाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ केंद्रांतील १,४१४ स्वयंसेवकांच्या मेंदूची अशी चित्रे एकत्र करून सर्वांना खुली केली. त्यानंतर आणखी संग्रह आले. बाराशेच्या आसपास तरुणांची चित्रे असलेला मानवी मेंदूजोडणी प्रकल्प हा त्यांतला एक.

खुल्या चित्रांचा एक उपयोग फारसा कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. स्वीडनमधील लिंचपिंग येथे अँडर्स एक्लुंड हा विद्यार्थी डॉक्टरेट करत होता. त्याने विचार केला, स्वस्थ पडलेल्या माणसाने अमुक क्षणी काहीतरी काम केले असे खोटेच मानून विश्लेषण केले, तर काहीही निष्पन्न व्हायला नको. संगणकाने तरीही 'मेंदूचा अमुक भाग उत्तेजित झाला' असे सांगितले, तर दोष पद्धतीत आहे. खुल्या संग्रहांतील १,४८४ नोंदींवर त्याने हे तपासले आणि २०१२ साली निष्कर्ष छापले. पुढे २०१६ साली सहकाऱ्यांसह त्याने आणखी मोठी चाचणी केली. जिथे चुकीचे निष्कर्ष शंभरात पाच यायला हवेत, तिथे नेहमीच्या वापरातील आज्ञावल्यांच्या काही मांडण्यांत ते सत्तरपर्यंत येत होते. यामुळे चाळीस हजार लेख संशयास्पद ठरतात, असे वाक्य त्या लेखात होते. ते मात्र अतिशयोक्त असल्याचे मान्य करून लेखकांनी नंतर बदलले. तपासणाऱ्यालाही तपासावे लागते, ते असे.

क्रेग बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली असाच एक धडा विनोदाने दिला. त्यांनी एक मेलेला सामन मासा यंत्रात ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रे दाखवली आणि आकडेवारीतील एक आवश्यक दुरुस्ती जाणूनबुजून वगळली. माशाच्या शोधलेल्या ८,०६४ ठिपक्यांपैकी १६ ठिपके 'उत्तेजित' निघाले! दुरुस्ती केली तेव्हा सगळे विझले.

तिसरा धडा एका स्पर्धेचा. मुलांमधील अवधान-न्यूनता आणि अतिचंचलता मेंदूच्या चित्रांवरून ओळखता येते का, हे पाहण्यासाठी २०११ साली स्पर्धा झाली. शिकण्यासाठी ७७६ मुलांच्या नोंदी खुल्या होत्या आणि परीक्षेसाठी १९७ मुलांच्या. सर्वांत जास्त अचूकता मिळवली ती कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या गटाने, सुमारे साडेबासष्ट टक्के. गंमत अशी, की त्यांनी मेंदूची चित्रे वापरलीच नाहीत. वय, मुलगा की मुलगी, डावखुरेपणा, बुद्ध्यंक अशा साध्या नोंदींवर त्यांचे भागले. संगणकाने मेंदू पाहून रोग ओळखला अशी बातमी वाचली, की वर्गात ही गोष्ट जरूर सांगावी.

आपल्या विद्यार्थ्यांनी काय करावे?

आज जेनबँक आणि मेंदूच्या चित्रांचे अनेक संग्रह घरबसल्या पाहता येतात. विश्लेषणाच्या कित्येक आज्ञावल्या फुकट आहेत. भारतातही फरिदाबाद येथे २०२२ साली भारतीय जैविक माहिती केंद्र सुरू झाले. दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचांच्या नोंदी तिथे ठेवण्यात आल्या आणि जानेवारी २०२५ मध्ये त्या संशोधकांसाठी, अर्ज तपासून देण्याच्या अटीवर, खुल्या झाल्या. या नोंदींचे महत्त्व वेगळे आहे. जनुकांच्या काय किंवा मेंदूच्या काय, जगातील बहुतेक संग्रहांत युरोपीय वंशाच्या लोकांचाच भरणा आहे. तिथे काढलेला निष्कर्ष नंदुरबारच्या किंवा गडचिरोलीच्या माणसाला लागू पडतो का, हा प्रश्न आपल्याच विद्यार्थ्यांनी विचारायला हवा.

मोठ्या संस्थेत काही आठवडे काम करण्याचीही सोय आहे. देशातील तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीचा उपक्रम अनेक वर्षे चालवत आल्या आहेत. तो विद्यार्थ्यांसाठी आहे, तसाच शिक्षकांसाठीही आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

अडचणी आहेतच. बहुतेक साहित्य इंग्रजीत असते. मेंदूची चित्रे उतरवून घ्यायला चांगले जाळे आणि बऱ्यापैकी संगणक लागतो. मार्गदर्शक नसला तर विद्यार्थी कळ दाबून रंगीत चित्र काढतो आणि त्यालाच संशोधन समजतो. त्या मानाने जनुकांची आणि प्रथिनांची अक्षरे हलकी, म्हणून सुरुवात तिथून केलेली बरी. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या नोंदींच्या मागे खरी माणसे आहेत. संग्रहात देण्यापूर्वी मेंदूच्या चित्रांतून चेहरा पुसून टाकतात, तो याच कारणाने. त्यांनी विश्वासाने दिलेल्या माहितीशी खेळ करू नये, ही शिकवण पहिल्या दिवसापासून द्यावी.

वर्गात आजच करता येतील अशा दोन गोष्टी सांगतो. पहिली: फळ्यावर निरोगी हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीची पहिली आठ अमिनो आम्ले लिहावीत: व्हॅलिन, हिस्टिडिन, ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन, ग्लुटामिक आम्ल, ग्लुटामिक आम्ल, लायसिन. खाली सिकलसेलच्या रुग्णाची लिहावीत: व्हॅलिन, हिस्टिडिन, ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन, व्हॅलिन, ग्लुटामिक आम्ल, लायसिन. फरक मुलांनीच शोधावा. १४६ मण्यांच्या माळेतील हा एक मणी बदलला, की रक्तपेशी कोयत्यासारखी वाकते. आपल्या आदिवासी भागांतील कित्येक घरांना हा आजार ठाऊक आहे.

दुसरी: साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाने नाणे सहा वेळा उडवावे. सहाही वेळा छापा पडण्याची शक्यता चौसष्टात एक. म्हणजे वर्गात एखाद्याला तो बहुधा पडेलच. त्या मुलाच्या हातात जादू आहे का, असे विचारावे. नसेल, तर ते सिद्ध कसे करायचे, हेही विचारावे. कोणीतरी म्हणेल, 'त्याला पुन्हा सहा वेळा उडवू द्या.' मेलेल्या माशाचे कोडे त्याला उमगले असे समजायला हरकत नाही. मेंदूवर संशोधन कसे करू, असे विचारणाऱ्या मुलाला द्यायच्या उत्तराची सुरुवात इथूनच करावी.